सामान्य की सामाईक? एका प्रार्थनापुस्तकाचा प्रवास

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला होता आणि मी तो आजवर ढकलला होता. ताई नेरूळला राहतात. रोज हार्बर लाईननं सीएसएमटीला नोकरीला जातात. बसायला जागा मिळाली की फोनवर चर्च ऑफ इंग्लंडचं ‘डेली प्रेयर’ हे ॲप उघडतात. त्यात आजची भाषा आणि जुनी भाषा असे दोन पर्याय असतात. त्या जुनी निवडतात. गाडी वाशीच्या खाडीपुलावर येते तोवर सकाळची प्रार्थना निम्मी झालेली असते. त्यांची आजी हीच प्रार्थना मराठीत, तोंडपाठ म्हणायची. ताईंचा प्रश्न असा : आजीची ती आणि माझी ही, एकच का?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे आधी शब्दाकडे बघतो. या रोजच्या प्रार्थनेला इंग्रजीत ‘ऑफिस’ म्हणतात. (म्हणजे ताई ऑफिसला जाताना ऑफिस म्हणतात!) मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कर्तव्य. आपल्या मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार केले, त्यातलं हे नित्य. काही मागायचं म्हणून नाही, मन लागलं म्हणूनही नाही. दिवस उजाडला म्हणून करायचं.

आता १५४९ सालात जाऊ. मध्ययुगीन मठांत दिवसरात्र मिळून आठ वेळा प्रार्थना होत, लॅटिनमध्ये. आज कोणता सण, कोणतं स्तोत्र, कोणतं वाचन, याचे नियम इतके गुंतागुंतीचे की आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी नव्या प्रार्थनापुस्तकाच्या प्रस्तावनेत तक्रारच केली. सार असं, की वाचण्यापेक्षा काय वाचायचं ते शोधण्यातच जास्त वेळ जातो. त्यांनी आठांच्या दोन वेळा केल्या, सकाळ आणि संध्याकाळ. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटून टाकली. महिना एकतीसचा असेल तर? १६६२च्या पुस्तकात उत्तर आहे : तिसाव्या दिवसाचीच स्तोत्रं पुन्हा म्हणा. पुढे वर्षभराच्या वाचनांचं कोष्टक. आपल्याकडे पंचांग कळायला जोशीबुवा लागत आणि १९७३पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर आलं, तसंच काहीसं हे झालं.

त्या अर्थानं ताईंचं ॲप क्रॅन्मरचंच अपुरं काम पुरं करतं. तारीख फोनला ठाऊक असते, स्तोत्र आणि पाठ समोर येतात, पान उलटावं लागत नाही. डोळे थकले तर ऐकताही येतं. माझ्या वयाच्या माणसाला याचं मोल विचारा!

पण क्रॅन्मरची दुसरी गोष्ट भाषेची होती. लोकांना कळेल त्या भाषेत प्रार्थना. हे ऐकायला छान वाटतं. पण कळेल म्हणजे कोणाला? १५४९मध्येच डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये या पुस्तकाविरुद्ध बंड झालं. कॉर्नवॉलच्या लोकांची एक तक्रार अशी होती, की आमच्यातल्या काहींना इंग्रजी येतच नाही. बंड चिरडलं गेलं, हजारो माणसं मेली. कॉर्निश भाषेत प्रार्थनापुस्तक काही झालं नाही. वेल्सचं उलट. १५६३मध्ये संसदेनं कायदा केला आणि १५६७मध्ये वेल्श प्रार्थनापुस्तक छापून आलं. पुढे वेल्श टिकली. कॉर्निश मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेली. केवळ एका पुस्तकानं भाषा तरत नाही, हे मान्य. पण रोज सकाळ-संध्याकाळ गावानं मिळून जी भाषा मोठ्यानं म्हणायची, तिला बळ मिळतंच.

मराठीच्या वाट्याला वेल्सचं नशीब आलं. मुंबईचं सेंट थॉमस चर्च १७१८च्या नाताळात उघडलं, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं, ते इंग्रजांसाठी होतं. पण एकोणिसाव्या शतकात प्रार्थनापुस्तक मराठीत आलं. नाशिकजवळ १८५४मध्ये शरणपूर वसलं, पुण्यात पंचहौद मिशन उभं राहिलं. हो, तेच पंचहौद, जिथल्या १८९०च्या चहावरून टिळक-रानड्यांना ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं! आपल्याला चहा आठवतो, प्रार्थना आठवत नाही.

या परंपरेतलं मला सगळ्यात जवळचं नाव नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोरे. चित्पावन घराणं, काशीत शास्त्राध्ययन, १८४८मध्ये बाप्तिस्मा, १८७०मध्ये अँग्लिकन पुरोहितपद. त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ मी तरुणपणी वाचला. त्यातलं वेदान्ताचं खंडन मला आजही पटत नाही, पण पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त अस्सल शास्त्र्याची. असा तर्कनिष्ठ माणूस पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या संन्यस्त बंधूंच्या संघात काही काळ राहिला. तिथे ठरलेल्या वेळी, ठरलेली स्तोत्रं, सगळ्यांनी मिळून म्हणणं हाच दिनक्रम. तर्क ज्याचा त्याचा असतो. नित्यकर्म वाटून घेता येतं.

इथे माझा मुद्दा येतो. या पुस्तकाच्या नावातल्या ‘कॉमन’ शब्दाला आपण सहज ‘सामान्य’ म्हणतो. मला सातबाऱ्यातला शब्द बरा वाटतो : सामाईक. सामाईक विहीर, सामाईक बांध. पुस्तकात धर्मगुरूला सूचना आहे, की रोजची प्रार्थना चर्चमध्ये म्हण, आणि आधी घंटा वाजव, म्हणजे लोक येतील. पंचहौदच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. त्या साऱ्या पेठेला ऐकू जातात, न येणाऱ्यालाही. फोनची टिंग एकट्या ताईंनाच ऐकू येते. शेजारच्या बाईंना वाटतं, ही व्हॉट्सॲप बघतेय.

अर्थात घंटा तरी कुणासाठी वाजवायची? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि अँग्लिकन हे वेगळं नाव इथे इतिहासजमा झालं. एकीकरण चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण एका घराची रोजची मराठी प्रार्थना आजीबरोबर गेली आणि नातीला ती परत मिळाली, ती लंडनहून, इंग्रजीत.

तर ताई, प्रार्थना एकच आहे का? स्तोत्रं तीच, क्रमही बराचसा तोच. विहीर मात्र तुमच्या आजीच्या वेळी चार घरांची होती.

आजीचं पुस्तक घरात आहे, असं ताई मघाशी म्हणाल्या. पुठ्ठा गेलाय, पण सायंप्रार्थनेची पानं शाबूत आहेत. मी त्यांना ते आणायला सांगितलं होतं आणि त्यांनी आणलंय. आता सहा वाजून गेलेत. प्रश्नोत्तरं नंतर घेऊ. माईक जरा तिसऱ्या रांगेत द्या.