संकेतावलंबी विस्मरण

मनात साठविलेली माहिती नष्ट झालेली नसतानाही तिच्याशी निगडित स्थळ, व्यक्ती, शब्द इ. संकेतांच्या अभावी ती न आठवणे, यास संकेतावलंबी विस्मरण म्हणतात. एन्डेल टुल्व्हिंग (१९२७–२०२३) या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या कल्पनेचे विवेचन केले. तत्पूर्वी १९६६ मध्ये झेना पर्लस्टोन हिच्यासमवेत केलेल्या प्रयोगात, वर्गवार दिलेल्या शब्दांपैकी विसरलेले वाटणारे अनेक शब्द वर्गांची नावे पुरविताच पुन्हा आठवतात, असे त्यास आढळले. न्यायसूत्रांतही चिन्ह, सादृश्य, संबंध, वियोग, सुख, दुःख, भय इ. स्मृतिनिमित्तांची दीर्घ सूची आढळते.

विदर्भातील महानुभाव पंथाचा प्रारंभीचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा केवळ अनुयायांच्या स्मरणात उरल्या. नागदेवाचार्य त्यांचे नित्य चिंतन करीत. त्यांच्यामागे हे सर्व लुप्त होईल, या चिंतेने म्हाइंभटाने त्यांना विचारून लीळा लिहून घेतल्या. नागदेवाचार्य ज्या प्रसंगी हजर नव्हते, त्यांची माहिती त्याने गावोगाव हिंडून संबंधितांकडून मिळविली. ऋद्धिपूर (जि. अमरावती) येथे सु. १२७८ मध्ये सिद्ध झालेल्या लीळाचरित्रात अनेक लीळा गाव, देऊळ वा भेटलेली व्यक्ती यांच्याशी जोडलेल्या आहेत. पंथाच्या स्थानपोथीत तर स्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे आणि तेथील देवळांच्या दारांच्या दिशाही नोंदविल्या आहेत. स्थळाचे पावित्र्य जपणे हा या नोंदींचा मुख्य हेतू असला, तरी त्यांमुळे प्रसंगांचे स्मरणही सुलभ झाले असावे.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, ती पिढी तोपर्यंत बव्हंशी अस्तंगत झाली होती. तथापि पाठभेदांचे कारण केवळ संकेतांचा अभाव हे नव्हे. स्मृतींची परस्परांत सरमिसळ आणि लेखनिकांचे प्रमादही त्यास कारणीभूत असू शकतात.

या पाठांच्या चिकित्सेत नागपूरच्या अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. ह. ना. नेने यांनी नागपूरहून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रकाशित झाले. स्थानपोथीही त्यांनी संपादिली. स्मरणाबरोबरच त्याची स्थळे नोंदवून ठेवल्याने एका पंथाचा आरंभकाल आणि आद्य मराठी गद्याचा मोठा ठेवा टिकून राहिला.