खुब्याच्या सांधेरोपणाचे जनक : सर जॉन चार्नली

खुब्याचा सांधा झिजल्यास चालणे-बसणेच नव्हे, तर झोपणेही वेदनामय होते. या व्याधीवर ब्रिटिश अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली (१९११-१९८२) यांनी इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात परिणामकारक उपाय शोधला. कृत्रिम सांध्यातील घर्षण कमीत कमी असावे, हे त्यांचे सूत्र. त्यासाठी त्यांनी पोलादी गोळ्याचा व्यास अवघा २२.२५ मिलिमीटर ठेवला आणि त्याचा दांडा मांडीच्या हाडात अॅक्रिलिक सिमेंटने पक्का बसवला. प्रारंभीची टेफ्लॉनची वाटी मात्र लवकर झिजली; रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ मध्ये वापरलेली पॉलिइथिलीनची वाटी टिकाऊ ठरली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून शुद्ध ठेवण्यावरही त्यांनी भर दिला. धातू व पॉलिइथिलीन ही जोडी पुढे गुडघ्याच्या सांधेरोपणातही स्वीकारली गेली.