दालनाबाहेरची कला : भीमगीत, पुतळा, तसबीर आणि कलावंताचे नाव

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांना लागूनच तसबिरी, कॅलेंडर, बिल्ले, गाण्यांच्या पुस्तिका आणि बाबासाहेबांच्या छोट्या मूर्ती विकायला मांडलेल्या असतात. कुणाकडे टेबल असते, कुणी जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून बसतो. याच शहरात १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे. पण आपल्या घरांतल्या भिंतींवर जी चित्रे आहेत, ती जवळपास सगळी फूटपाथवरून, जयंतीच्या मंडपातून आणि दीक्षाभूमीच्या गर्दीतून आलेली आहेत.

चित्र काढणारे, गाणी लिहिणारे, मोबाईलवर पोस्टर बनवणारे अनेक तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "आमचे काम दाखवायचे कुठे? आम्हाला कोण जागा देणार?" या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. ते एका ठिकाणी वाचायला मिळावे म्हणून हा लेख.

जलसा : रंगमंच स्वतःच उभा केला

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या परंपरेतून सत्यशोधकी जलसे आले. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीबरोबर आंबेडकरी जलसे उभे राहिले. लोकांच्या ओळखीचा तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि आत काय सांगायचे ते बदलले. देवाच्या स्तुतीऐवजी शिक्षण, पाणवठा, मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडणे हे विषय आले. तिकीट नाही, नाट्यगृह नाही. वस्तीतली मोकळी जागा, ढोलकी आणि उजेडाची काहीतरी सोय, एवढ्यावर रात्र उभी राहायची.

नाशिककडचे भीमराव कर्डक हे या जलशांतले मोठे नाव. आम्हाला त्यांची एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. त्यांनी जलसा केला आणि नंतर ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तकही लिहिले. ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याने काम केले त्यानेच त्याची नोंद ठेवली. आज जलशांचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही या पुस्तकाकडे यावेच लागते. अशी नोंद न ठेवलेले किती जलसाकार गावोगाव होऊन गेले असतील, याचा हिशेब आता कुणाला लावता येणार नाही.

गाण्यात नाव ओवलेले असते

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. मोठेपणी अक्षरओळख झालेला, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकलेला हा माणूस हजारो गीते लिहून गेला. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची गीते आधी लोकांच्या तोंडी गेली, संग्रह नंतर आले.

वामनदादांचे गाणे कुणीही, कुठेही गायले तरी ते वामनदादांचे आहे हे कळते. कारण बहुतेक गीतांच्या शेवटी ‘वामन’ हे नाव येते. तुकोबांच्या अभंगापासून शाहिरांच्या पोवाड्यापर्यंत ही नाममुद्रेची रीत आपल्याकडे आहे. तिला आपण केवळ परंपरा समजतो, पण ती फार व्यवहारी युक्ती आहे. गायक बदलला, कॅसेट गेली, सीडी गेली, यूट्यूबवर कुणी परस्पर चढवले, तरी शेवटची ओळ गायची म्हटली की नाव येतेच. दालनात चित्राशेजारी पाटी लावतात, ती पाटी इथे गाण्याच्या आतच आहे. तिथे कात्री लावायची तर गाणेच तुटते.

पुतळा : पोझ सर्वांना माहीत, शिल्पकार कुणालाच नाही

शिल्पाला अशी शेवटची ओळ नसते, आणि आपले सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले आहे.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी बाबासाहेबांचा पुतळा बसला. तेव्हा बाबासाहेब हयात होते. पुढाकार भाई माधवराव बागल यांचा, जे स्वतः चित्रकार होते. शिल्पकार होते बाळ चव्हाण. मुंबईत १९६२ मध्ये उभा राहिलेला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांनी केला. संसदेच्या आवारातला ब्राँझचा पुतळाही त्यांचाच. त्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. २०२४ मध्ये तो संसद परिसरातच प्रेरणा स्थळ येथे हलवण्यात आला.

उजवा हात उंचावून बोट पुढे केलेले, डाव्या हाताशी ग्रंथ धरलेले बाबासाहेब. ही प्रतिमा आज देशभर गावागावांत आहे, सिमेंटमध्ये, प्लास्टरमध्ये, फायबरमध्ये. शाळेत न गेलेली आजीसुद्धा लांबून ती ओळखते. विसाव्या शतकात भारतात घडलेल्या शिल्पांपैकी इतक्या लोकांपर्यंत पोचलेले दुसरे शिल्प आम्हाला तरी आठवत नाही. कोणत्याही दालनाने ते पोचवले नाही. वर्गणी काढणाऱ्या कमिट्यांनी पोचवले. पण ब्रह्मेश वाघ हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आम्ही काही गावांत पुतळ्याच्या चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाट्या मुद्दाम वाचल्या. उद्घाटकाचे नाव असते, अध्यक्षांचे असते, प्रमुख पाहुणे, देणगीदार, मंडळाचे पदाधिकारी, सगळे असतात. एका पाटीवर आम्ही बावीस नावे मोजली. शिल्पकाराचे नव्हते. विचारल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सांगितले, "टेम्पोतून उतरवून घेतला बाबा, कुणी केला ते काय विचारलं नाही." यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. ही पाटी आपणच कोरून घेतली होती.

तसबिरींचेही तेच. निळ्या कोटातले बाबासाहेब, बोधिवृक्षाखालचे बुद्ध, रमाई, सावित्रीमाई. मूळ फोटो किंवा मूळ चित्र कुणाचे होते, रंग कुणी भरले, हे कॅलेंडर छापणाऱ्यालाही ठाऊक नसते. पूर्वी गावातला पेंटर निदान कमानीच्या कोपऱ्यात ‘अमुक आर्ट्स’ असे लिहायचा. फ्लेक्स आला आणि त्या कोपऱ्यात आता फ्लेक्सवाल्याचा मोबाईल नंबर असतो.

दालनात गेलेले

काही कलावंत कला महाविद्यालयांतून शिकून दालनापर्यंत गेले. नागपूरचे सावी सावरकर यांनी अस्पृश्यतेचे आणि देवदासीचे विषय थेट कॅनव्हासवर आणले. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत देवादिकांच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब रंगवले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. अभ्यासकही आले. गॅरी टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेला दलित कलेवरचा इंग्रजी ग्रंथ २०१२ मध्ये निघाला. ज्यांना दालनात जायचे आहे त्यांनी जरूर जावे. पण तिथला दरवाजा उघडेपर्यंत वही बंद करून बसू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आज काम करणाऱ्यांसाठी

छापायचे असेल तर फार पैसा लागत नाही. ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला आठ चौकोन आखून चित्रे-मजकूर बसवावा, झेरॉक्स काढावी, घड्या घालून मधे एक काप द्यावा. आठ पानांची पुस्तिका तयार होते, पिन लागत नाही. कापडी पिशवी, टी-शर्ट, पोस्टर यांसाठी एका रंगाचे स्क्रीन प्रिंटिंग पुरते. निळा रंग आणि चांगले रेखाटन असेल तर दुसऱ्या रंगाची गरज क्वचितच पडते. दाखवायला विहाराची भिंत आहे, वाचनालय आहे, जयंतीचा मंडप आहे. वर्षावासाच्या काळात विहारात रोज माणसे येतात. त्या दिवसांत दोरीला चिमट्याने चित्रे लावली तरी तीन महिने प्रदर्शन चालू राहते.

मोबाईलवर चित्र पाठवताना सही कोपऱ्यात करू नये. दोन-चार फॉरवर्डनंतर कडा कापल्या जातात आणि सहीही जाते. चित्राच्या आतच, कपड्याच्या घडीत, झाडाच्या बुंध्यावर, जिथून काढता येणार नाही अशा जागी नाव आणि साल लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की चित्राचा दर्जा घसरतो. छपाईसाठी द्यायचे असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखन, संगीत आणि चित्र-शिल्पावरचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. जयंतीच्या अल्बममध्ये ‘पारंपरिक’ असे लिहून ती गीते वापरणे चूक आहे. याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा कलावंताचा अधिकार जात नाही. मंडळाने पैसे दिले म्हणून नाव पुसता येत नाही. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा पाहून चित्र काढायला किंवा त्याचा फोटो छापायला मात्र कलम ५२ नुसार परवानगी लागत नाही.

आणि एक काम आताच करण्यासारखे आहे. आपल्या गावात पुतळा, विहारातली बुद्धमूर्ती किंवा कमान असेल तर ती कुणी घडवली हे जुन्या माणसांना विचारून घ्यावे. कमिटीच्या जमाखर्चाच्या वहीत शिल्पकाराला दिलेल्या पैशाची नोंद बहुधा सापडते, त्याच पानावर नाव आणि गावही असते. नाव मिळाले, वर्ष मिळाले, की छोटी पितळी पाटी करून चौथऱ्यावर बावीस नावांच्या खाली लावावी. पुढच्या १४ एप्रिलपर्यंत हे सहज होऊ शकते.