पित्याबरोबर माउलीही

प्रार्थना कशी करावी, हे येशूच्या शिष्यांनाही विचारावं लागलं होतं. त्यानं त्यांना देवाला पिता म्हणायला शिकवलं. मग वऱ्हाडातल्या नवख्या ख्रिस्ती माणसानं काय म्हणावं? अलायन्स मिशनचे अमेरिकी मिशनरी खामगाव-बुलढाण्याकडे आले, ते आपल्या चाली घेऊनच. परक्या चालीवर बसवलेली मराठी जिभेवर येते. गळ्यात उतरत नाही.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणातले. त्यांनी उपासनेसाठी अभंग, भजनं रचली आणि ख्रिस्ताला चक्क 'माउली' म्हटलं! शेगावहून पंढरीला पालखी नेणाऱ्या या जिल्ह्यात तो शब्द कुणाला शिकवावा लागतो? टिळकांच्या साऱ्या कवितेहून मला हे धाडस मोठं वाटतं. ते १९१९ मध्ये गेले. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये अजून म्हणतात, पेटी-तबल्यावर.