कऱ्हेकांठचे दोन कवि

आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी बारामतीस मुक्काम करते, सणसर व निमगांव केतकीवरून इंदापुरास पोहोंचते आणि सराटीस नीरास्नान आटोपून पंढरीची वाट धरते. या वाटेवरील इंदापुराची इतिहासांतली ओळख तरवारीची. शिवछत्रपतींचे आजे मालोजीराजे तेथील लढाईंत पडले असें सांगतात. बारामतीची ओळख लेखणीची आहे. ना विद्यापीठ, ना राजाचा दरबार, अशा या कसब्यांत पाऊणशें वर्षांच्या अवधींत मराठीचे दोन मोठे कवि नांदून गेले. आणि ते एकमेकांपासून इतके भिन्न कीं, दोघेही कऱ्हेचेंच पाणी प्याले यावर सहसा विश्वास बसूं नये.

पहिले श्रीधरस्वामी नाझरेकर. हरिविजय, रामविजय व पांडवप्रताप हे त्यांचे ग्रंथ आधींच लोकांच्या मुखीं झालेले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनीं शिवलीलामृत रचिलें, आणि तें शके १६४० च्या फाल्गुनी पौर्णिमेस ब्रह्मकमंडलूच्या तीरीं द्वादशमती नगरींत पुरें झालें, असें ग्रंथाच्या शेवटीं नमूद करून ठेविलें. द्वादशमती म्हणजे बारामती, आणि कमंडलु म्हणजे कऱ्हा! गांवाच्या व नदीच्या साध्या नांवांस असा संस्कृत शालजोडी पांघरविणारा हा कवि ओंवी मात्र अगदीं घरगुती बोलींत लिहितो. काशीविश्वेश्वराच्या देवळांत हा ग्रंथ लिहिला गेला अशी बारामतीकरांची परंपरा आहे. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय म्हटला जात असल्याचें श्रोत्यांपैकीं अनेकांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकलें असेल. त्यासाठीं तिला कोणा शास्त्र्याची शिकवणी लागली नाहीं.

श्रीधरस्वामी १७२९ सालीं निवर्तले. त्याच सालीं पन्हाळगडावर मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजेच मोरोपंत, यांचा जन्म झाला. केशव व गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांनीं संस्कृत काव्यशास्त्राचें उत्तम अध्ययन केलें. वडील रामाजीपंत बारामतीच्या बाबूजी नाइकांच्या पदरीं होते. त्यांच्या मागोमाग पंत ऐन तारुण्यांत बारामतीस आले, आणि नाइकांच्या घरचे पुराणिक म्हणून १७९४ च्या चैत्रांत देह ठेवीपर्यंत तेथेंच राहिले.

हे बाबूजी नाईक म्हणजे मोठें विलक्षण प्रकरण. जातीचे सावकार, पहिल्या बाजीरावांस त्यांनीं कर्ज दिलेलें, आणि बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावास दिलेली. तरीही १७४० त बाजीराव वारतांच पेशवाईची वस्त्रें आपणांस मिळावींत म्हणून त्यांनीं खटपट केली, आणि रघूजी भोसल्यांनीं त्यांची पाठ राखली. शाहू महाराजांनीं वस्त्रें नानासाहेबांस दिलीं. पेशवाई हुकलेल्या त्या सावकाराचें नांव आज घेतलें जातें तें त्यानें पोसलेल्या पुराणिकामुळें.

पंतांनीं या आश्रयाचें चीज केलें. एकट्या आर्याभारतांतच सतरा हजारांच्या घरांत पद्यें आहेत. त्यांची आवडती चाल गीतीची: प्रत्येक अर्धांत बारा आणि अठरा मात्रा मोजून बसवावयाच्या, वर यमक साधावयाचें, आणि व्यासांची कथाही पुढें न्यावयाची. एवढ्यानेंही हौस भागली नाहीं म्हणून त्यांनीं रामकथा शंभरावर निरनिराळ्या बंधनांत लिहिली असें मानतात. निरोष्ठ रामायणांत तर ओठांस ओठ लागणारें एकही अक्षर नाहीं. ही कसरत आहे हें उघड आहे, आणि तिचें कौतुक बेताबातानेंच करावें. परंतु तेवढ्यावरून पंतांस शब्दांचे सोनार म्हणून निकालांत काढणारे टीकाकार केकावली विसरतात. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि पंतांची मुद्राच ‘मयूर’. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कथा सांगितलेला हा पुराणिक तेथें पृथ्वीवृत्ताच्या भारदस्त चालींत प्रथमच स्वतःसाठीं देवाशीं बोलतो. तेथें अलंकार आहेत, पण ते रडणाऱ्याच्या अंगावरचे आहेत.

इतकी अवघड कविता लोकांपर्यंत गेली कशी? ती गेली गाण्याच्या वाटेनें. सोलापूरचे रामजोशी (१७६२–१८१२) हे तमाशाच्या फडावरील नामांकित शाहीर. पंतांनींच त्यांस कीर्तनाकडे वळविलें अशी आख्यायिका आहे. रामजोशांनीं पंतांच्या आर्या कीर्तनांत उभ्या केल्या, टाळमृदंगाच्या ठेक्यावर त्यांचा अर्थ सोडविला, आणि पोथींत बसलेली आर्या देवळाच्या सभामंडपांत आणिली. डफावर तयार झालेल्या त्या गळ्याचें ऋण साहित्याच्या इतिहासकारांनीं पुरेसें मानलेलें दिसत नाहीं.

छापखाने त्यानंतरचे. परशुरामपंत गोडबोल्यांच्या १८५४ च्या ‘नवनीता’नें पंतांस शाळेंत नेलें, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्यांची बाजू घेतली, आणि १९०८ त ल. रा. पांगारकरांनीं त्यांचें विस्तृत चरित्र लिहिलें. पुढें क्रमिक पुस्तकांतून आर्या विरळ होत गेली, आणि मात्रा मोजण्याची संवयही मोडली. कीर्तनाच्या पूर्वरंगांत मात्र ती अजून अधूनमधून कानीं पडते. श्रीधरस्वामींची ओंवी सोमवारीं आणि महाशिवरात्रीस घरोघर म्हटली जाते, आणि ती कोठें पुरी झाली याचा पत्ता म्हणणारी माउली ग्रंथ मिटण्यापूर्वीं स्वतःच वाचून जाते.