दोघांपुरतें टेबल

एखाद्या मोठ्या शहरांतील श्रीमंती उपाहारगृहांत संध्याकाळीं डोकावून पाहावें. मंद दिवे, पांढरी शुभ्र चादर अंथरलेलें लहानसें टेबल, त्यावर एखादें फूल, आणि समोरासमोर बसलेलें एक जोडपें. वेटर अदबीनें येतो, पदार्थांची यादी हातांत देतो आणि दूर जाऊन उभा राहतो. हें दृश्य आपल्या इतकें परिचयाचें झालें आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल असें मनांतहि येत नाहीं. पण यांतील प्रत्येक वस्तु कोणीतरी, केव्हांतरी, कांहीं कारणानें तेथें आणून ठेवलेली आहे. आणि त्या टेबलाशीं बसलेली जी स्त्री, तिला तर तेथवर पोंचावयास फार दिवस लागले.

प्रथम टेबलाचीच गोष्ट घेऊं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्यें घराबाहेर जेवावयाचें म्हणजे सराईंत किंवा खाणावळींत जावयाचें. तेथें एकच लांबलचक टेबल. वेळ ठरलेली, पदार्थ ठरलेले, किंमतहि ठरलेली. जो आधीं हात घालील त्याला चांगला तुकडा. लाजाळू मनुष्याच्या आणि उशिरां येणाऱ्याच्या वांट्याला हाडें. 'रेस्तराँ' हा शब्द त्या वेळींहि होता, परंतु तो जागेचा वाचक नव्हता. मांस तासन्‌तास शिजवून काढलेला जो पौष्टिक रस अशक्तांना देत, त्याचें तें नांव. १७६५ सालीं बुलांजे नांवाच्या इसमानें मेंढीच्या पायांचा एक पदार्थ विकला, त्यावरून खटला झाला, तो त्यानें जिंकला आणि उपाहारगृहांचा जन्म झाला, अशी कथा कितीतरी पुस्तकांतून वाचावयास मिळते. ती मोठी चटकदार आहे. परंतु रिबेका स्पँग या इतिहासकार विदुषीनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिला पुरावा सांपडत नसल्याचें दाखविलें, आणि आद्य उपाहारगृहाचा मान १७६६ च्या सुमारास माथ्यूरँ रोज द शाँत्वाझो याला दिला. हा गृहस्थ मोठा खटपट्या. तो व्यापाऱ्यांच्या पत्त्यांची जंत्री छापी, आणि राष्ट्राचें कर्ज फेडण्याच्या योजनाहि आंखी.

आतां गंमत पाहा. आजाऱ्याची भूक ठरल्या वेळीं लागत नाहीं, म्हणून येथें केव्हांहि यावें. एकाला जें पथ्य तें दुसऱ्याला कुपथ्य, म्हणून ज्यानें त्यानें निवडून मागावें. यासाठीं पदार्थांची यादी, आणि प्रत्येकापुढें वेगळी किंमत. नाजुक प्रकृतीच्या माणसाला दहाजणांच्या धक्काबुक्कींत कसें बसवावें? म्हणून त्याला स्वतंत्र लहान टेबल. जगांतील या सर्वांत चैनीच्या संस्थेची सारी घडण अशी रोग्याच्या पथ्यांतून झाली. पुढें १७८०-९० या दशकांत बोव्हिलिए यानें उंची फर्निचर, तरबेज वाढपी आणि उत्तम मद्यांचें तळघर यांची जोड देऊन पथ्याचें रूपांतर मेजवानींत केलें. औषधाचा वास गेला. टेबल मात्र लहानच राहिलें.

लहान टेबलानें मोठी क्रांति केली. भर गर्दींत दोन माणसांना एकांत मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसला आलेले इंग्रज आणि अमेरिकन प्रवासी तेथील उपाहारगृहांत स्त्रिया उघडपणें जेवतांना पाहून चकित होत. मात्र त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर पडदे ओढलेल्या खाजगी खोल्याहि असत, आणि तेथें जाणाऱ्या स्त्रीविषयीं लोक जें बोलत तें येथें सांगण्याजोगें नाहीं. सीनच्या कांठच्या लापेरूझ या उपाहारगृहांतील आरशांवर ओरखडे आहेत. भेट मिळालेला हिरा खरा कीं खोटा हें तेथल्या गणिका कांचेवर घासून पाहत, असें म्हणतात. खरें असेल नसेल. पण त्या खोल्यांतला व्यवहार कोणत्या भावानें चाले, हें त्यावरून कळतें.

इंग्लंडांत संभावित घरची स्त्री चारचौघांदेखत उपाहारगृहांत जेवूं लागली ती विक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या अखेरीस. रिचर्ड डॉयली कार्ट यानें १८८९ सालीं लंडनमध्यें सॅव्हॉय हॉटेल उघडलें. व्यवस्थेला स्वित्झर्लंडच्या एका खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा सेझार रिट्स, आणि १८९० पासून पाकगृहांत फ्रेंच बल्लव ऑग्युस्त एस्कोफिए. (याच १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या एका पेला चहावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. कोणाच्या पंक्तीला बसावें हा प्रश्न केवळ आपल्याकडेच जिवावरचा होता असें नव्हे. तिकडे त्याचे नियम निराळे, इतकेंच.) स्त्रियांना तेथें यावेंसें वाटलें पाहिजे, हें रिट्सनें ओळखलें. विजेचा झगझगीत प्रकाश चेहऱ्यावर पडला कीं, रूपवती स्त्रीहि निस्तेज दिसते. तेव्हां पुढें आपल्या हॉटेलांतील दिव्यांच्या आच्छादनांसाठीं त्यानें पत्नीला दिव्याखालीं बसवून, रंगामागून रंग पारखून, अखेर जर्दाळूची गुलाबी छटा निवडली. एस्कोफिएनें नेली मेल्बा या गायिकेसाठीं व्हॅनिलाच्या आइस्क्रीमवर पीच फळें मांडून तीं बर्फांत कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्यें ठेवलीं. ज्या लोहेनग्रिन संगीतिकेंत ती गात होती, तिच्यांतील हंसाची ती आठवण.

परंतु या गुलाबी प्रकाशालाहि अटी होत्या. सॅव्हॉयमध्यें सायंकाळीं पोशाख समारंभाचाच हवा, मोठ्या टोप्या चालावयाच्या नाहींत, आणि स्त्रीबरोबर पुरुष असलाच पाहिजे. एकटी स्त्री दिसली कीं, ती कशासाठीं आली असावी याचा निर्णय दाराशींच होई.

न्यूयॉर्कमध्यें हा नियम मोडण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १८६८ च्या एप्रिलांत झाला. चार्ल्स डिकन्सच्या सन्मानार्थ पत्रकारांनीं डेल्मोनिको येथें खाना दिला. जेन क्रोली या लेखिकेला तेथें मज्जाव झाला. तेव्हां तिनें व तिच्या मैत्रिणींनीं सोरोसिस नांवाची संस्था काढून त्याच डेल्मोनिकोमध्यें, एकाहि पुरुषाच्या सोबतीवांचून, दुपारचें भोजन घेतलें. तरीहि १९०७ सालीं हॅरियट स्टँटन ब्लॅच ही मताधिकाराच्या चळवळींतील पुढारी स्त्री एका मैत्रिणीसह तेथील एका हॉटेलच्या गच्चीवर जेवावयास गेली, तेव्हां पुरुष बरोबर नाहीं म्हणून दोघींना परत पाठविण्यांत आलें. सभ्य स्त्रियांना वाईट बायकांचा उपद्रव होऊं नये म्हणून हा नियम, असें सांगण्यांत आलें. आपल्याला आजवर उपद्रव झाला तो पुरुषांचाच, असें तिचें उत्तर. ती न्यायालयांत गेली, आणि हरली.

याच सुमारास अमेरिकेंत 'डेट' हा शब्द तरुण-तरुणींच्या भेटीला लावूं लागले. शिकागोच्या जॉर्ज एड या पत्रकाराच्या १८९६ सालच्या लेखनांत तो आढळतो. तत्पूर्वींची सभ्य रीत अशी कीं, तरुणानें मुलीच्या घरीं भेटीस जावें. बोलावणें मुलीनें वा तिच्या आईनें द्यावें. घर त्यांचें, चहा त्यांचा, भेट संपविण्याचा अधिकारहि त्यांचाच. परंतु शहरांत भाड्याच्या एका खोलींत राहून नोकरी करणाऱ्या मुलीला दिवाणखाना कोठून असणार? तिची भेट बाहेर झाली. बाहेर गेल्यावर पैसे पडतात, पैसे पुरुषाजवळ अधिक, आणि ज्याचे पैसे त्याचें बोलावणें. आईची नजर चुकली, हें सुख खरें. परंतु यजमानपदहि त्याबरोबर गेलें. बेथ बेली या इतिहासलेखिकेनें १९८८ सालीं हा मुद्दा मांडला, आणि तो मला अगदीं पटतो.

उंची उपाहारगृहांनीं या व्यवस्थेला एक नाजुक वळण दिलें. पुरुषाच्या हातांत किंमती छापलेली यादी द्यावयाची, आणि स्त्रीच्या हातांत तसलीच सुंदर यादी, मात्र किंमतीवांचून. आपल्यासाठीं केवढा खर्च होत आहे हें तिला कळूं नये, ही सभ्यता! १९८० सालीं लॉस एंजलिसच्या परिसरांतील एका फ्रेंच उपाहारगृहांत एका व्यावसायिक स्त्रीनें आपल्या भागीदाराला जेवावयास नेलें. यजमान ती, बिल देणार ती. आणि किंमती दिसत होत्या तिच्या पाहुण्याला. तीं दोघें न जेवतांच उठलीं. ग्लोरिया ऑलरेड या वकील बाईंच्या साह्यानें त्यांनीं फिर्याद लावली. उपाहारगृहानें बिनकिंमतीच्या याद्यांची पद्धत सोडून दिली, आणि फिर्याद मागें घेण्यांत आली.