डाबरे ह्या आडनावाची उत्पत्ती व प्रसार

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. देवळाच्या बांधणीचा व शाळेचा वृत्तांत इतर लेखकांनी दिलाच आहे. तेव्हा मी एका लहानशा, परंतु आपणा सर्वांच्या घरादाराशी निगडित अशा विषयास हात घालतो. तो विषय म्हणजे आडनाव.

निमित्त असे घडले. गेवराई तालुक्यातील तलवाडा गावचा एक तरुण आपल्या प्रथम अपत्याच्या स्नानसंस्काराची नोंद करण्यासाठी माझ्याकडे आला. बाळाचे नाव, जन्मतारीख, आईबापांची नावे, धर्मपिता, धर्ममाता अशी सर्व माहिती मी वहीत उतरीत होतो. आडनावाची जागा आली, तेव्हा तो घुटमळला व म्हणाला, “फादर, येथे आमचे आडनाव लिहू नका. तुमच्याकडे असते तसे एखादे ख्रिस्ती आडनाव लिहा.” मी लेखणी खाली ठेवली. विचारपूस करता कळले की, तो कामानिमित्त काही काळ मुंबईस राहिला होता. तेथे त्याचे आडनाव ऐकून एकाने “हे कॅथलिक आडनाव नव्हे” असे त्याच्या तोंडावर सांगितले होते. तो घाव त्याच्या मनातून गेला नव्हता. आपल्या लेकराच्या वाट्यास तरी ते येऊ नये, एवढीच त्या बापाची इच्छा.

त्या दिवशी मी त्यास नीट उत्तर देऊ शकलो नाही. “पुढल्या रविवारी ये, मग लिहू,” इतकेच म्हणालो. मी स्वतः वसईचा. माझ्या मातोश्रींचे माहेरचे आडनाव डाबरे. वसईबाहेर हे आडनाव विरळच. ज्यास तो तरुण “ख्रिस्ती आडनाव” म्हणत होता, त्याचे मूळ तरी काय, हे त्यास सांगावयाचे तर आधी आपल्याच आजोळाची झडती घेणे भाग होते.

‘डाबरे’ हा शब्द प्रथमदर्शनी अस्सल मराठी वाटतो. मोरे, घोरपडे, भोसले ह्यांच्या पंक्तीस तो निमूट बसतो. लहानपणी आम्ही मुले ‘डबरा’ ह्या शब्दाशी त्याचे नाते जोडून मामांस चिडवीत असू व मामाही हसत असत. परंतु त्याची जन्मभूमी कोकण नव्हे, महाराष्ट्रही नव्हे. पोर्तुगाल देशाच्या उत्तर टोकास मिन्हो नावाचा प्रांत आहे. तेथे मोंसाव नगराच्या परिसरात आब्रेउ नावाची एक जुनी जहागीर होती. त्या ठिकाणावरून तेथील घराण्यास ‘द आब्रेउ’, म्हणजे ‘आब्रेउ येथील’, असे म्हणू लागले. पोर्तुगीज भाषेतील हा ‘द’ म्हणजे आपला ‘कर’ होय. आपण पैठणकर, बीडकर म्हणतो तसेच ते. डिमेलो म्हणजे मेलोकर, डिसोझा म्हणजे सोझाकर, आणि दाब्रेउ म्हणजे आब्रेउकर. तलवाड्याच्या माणसास परगावी कोणी तलवाडकर म्हटले, तर त्यात आणि डिसोझा म्हणण्यात घडणीचा काहीच भेद नाही.

सर्वच पोर्तुगीज आडनावे गावावरून पडलेली आहेत असे मात्र नाही. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा पुत्र, गोन्सालविस म्हणजे गोन्सालोचा पुत्र. दूरच्या आयर्लंडातही हीच रीत. तेथील ‘मॅक’ म्हणजे पुत्र आणि ‘ओ’ म्हणजे वंशज. कित्येक आडनावे तर झाडांची व हत्यारांची आहेत. परेरा हे नाशपतीचे झाड, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, डिसिल्वातील सिल्वा म्हणजे रान. ह्यांत ख्रिस्ती असे काय आहे? कुऱ्हाडीस धर्म नसतो.

आता ‘दाब्रेउ’चे ‘डाबरे’ कसे झाले ते पाहू. शेवटचा ‘उ’ मराठी जिभेस जड, म्हणून तो गळून पडला; जोडाक्षर फुटून सुटे झाले; आणि मागे उरले ते आपल्या ‘ए’कारान्त आडनावांच्या साच्यात चपखल बसले. असे घडणे नवलाचे नाही. ज्या रीतीने पोर्तुगीजांचा ‘पाऊं’ आपल्याकडे ‘पाव’ झाला, त्याच रीतीने ‘रोमाऊं’ ह्या आडनावाचे वसईत ‘रुमाव’ झाले. ‘ड’काराची गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगीजांचा उच्चार दंत्य, म्हणजे आपल्या ‘द’सारखा. इंग्रजांचा उच्चार आपल्या कानास ‘ड’ असा वाटतो. पुढे कागदोपत्री इंग्रजी आली आणि डिसोझा, डिमेलो, डाबरे अशी वहिवाट पडली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी मात्र आपल्या नावातील जुना ‘द’ राखला.

हे आडनाव वसईस आले केव्हा व कसे? 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तेथे इतके सरदार येऊन राहिले की, ‘दों’ ही त्यांची पदवी गावालाच चिकटली व लोक त्यास ‘दों बासाईं’ म्हणू लागले. आसपासची गावे ह्या सरदारांस इनामासारखी दिलेली असत. फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनी ह्याच काळात तेथे श्रद्धेचे बीज पेरले. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः तेथे येऊन गेले, आणि नागासाकी येथे 1597 साली क्रुसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया हे त्याच भूमीचे पुत्र होत.

जेव्हा एखादे कुटुंब किंवा अवघा पाडा स्नानसंस्कार घेई, तेव्हा धर्मपिता म्हणून पुष्कळदा एखादा पोर्तुगीज अधिकारी वा जमीनदार उभा राही. नवख्रिस्ती माणूस पहिले नाव संताचे घेई आणि आडनाव धर्मपित्याचे. धर्मपिता आब्रेउ कुळातील असेल, तर ते सर्वच आब्रेउ होत. म्हणजे ज्यांची आडनावे आज एक आहेत, त्यांचे रक्त एक असेलच असे नाही. आणि पोर्तुगीज रक्ताचा तर त्यात प्रश्नच उद्भवत नाही. माझे आजोळ मिन्होच्या जहागीरदारांचे वंशज नव्हे. ते वसईच्या वाडीत केळी व पानवेल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे वंशज. त्यांच्या कोणा पूर्वजाने एका दिवशी एका परक्या माणसाचे आडनाव उचलले. आपले मूळचे कुलनाव काय होते, हे आज त्या घरात कोणासही ठाऊक नाही. हे सांगताना मला थोडी खंत वाटते, ती लपवीत नाही.

येथे वहीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आडनाव टिकवले ते तिने. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 साली असा दंडक घातला की, प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची नोंद पुस्तकात ठेवावी व स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे नाव लिहून ठेवावे. हेतू आडनावे जपण्याचा नव्हता. धर्मपिता व त्याचे धर्मलेकरू ह्यांच्यात आत्मिक नाते जुळते व ते त्या काळी विवाहास बाधक असे. शिवाय जवळच्या रक्तनात्यात विवाह होऊ नये, म्हणूनही पिढ्यांचा हिशेब लागे. आपल्याकडे सोयरीक जमवताना देवक व कुळी पाहतात. चर्चने आडनाव पाहिले नाही, नाते पाहिले. त्यामुळे एकाच आडनावाची दोन घरे नाते नसेल तर सोयरी होऊ शकतात, आणि वसईत तशी होतातही. आडनावे थोडी व घरे फार, म्हणून तेथे ओळखीसाठी घराण्यांस निराळी टोपणनावे पडली आहेत. पाहुण्यास घर शोधावयाचे असेल तर ती आधी शिकावी लागतात!

1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सरदार गेले, त्यांचे वाडे ओस पडले, तटावर झाडे उगवली. आडनावे मात्र राहिली. ज्यांची ती मुळात होती ते जहाजात बसून निघून गेले आणि ज्यांस ती उसनी मिळाली त्यांनी ती पुढे चालवली. पुढे इंग्रजी अमलात, 1887 साली, मुंबई व ठाण्याकडील ह्या जुन्या ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. तरी त्यांची मायबोली मराठीच्या घरचीच राहिली.

आब्रेउ कुळाचा मूळ प्रवाह ह्याहून फार विस्तृत आहे. मदैरा बेटावर जन्मलेला आंतोनियो द आब्रेउ हा 1511 साली मलाक्काहून निघून मसाल्याच्या बेटांकडे गेलेल्या पहिल्या पोर्तुगीज तांड्याचा प्रमुख होता. ब्राझीलमध्ये हे आडनाव सर्वत्र आढळते. तेथील कवी काझिमिरो द आब्रेउ ह्यांच्या नावाचे एक नगर आहे. व्हेनेझुएलात 1975 साली गरिबांच्या मुलांसाठी वाद्यवृंदांची प्रसिद्ध चळवळ उभी करणारे होसे आंतोनियो आब्रेउ ह्याच नावाचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते ‘आब्रेव’ ह्या रूपातही आढळते. परंतु ‘डाबरे’ हे रूप वसईच्या मातीतच घडले आणि वसईची माणसे जेथे गेली तेथेच ते पोहोचले: प्रथम मुंबई, पुढे आखाती देश व त्याहीपलीकडे. वसई धर्मप्रांत 1998 साली स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप झाले ते थॉमस डाबरे. तुकोबांच्या ईश्वरानुभवावर ग्रंथ लिहिणारा हा विद्वान 2009 साली पुण्याचा बिशप झाला. मिन्हो प्रांतातील जहागिरीचे नाव देहूच्या अभंगांपर्यंत असे येऊन ठेपले.

आणि आपल्या मराठवाड्यात? 1977 साली औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली व आपला बीड जिल्हा त्यात आला. त्याचे पहिले बिशप होते डॉमिनिक आब्रेव. नाव तेच, रूप तेवढे निराळे. वसई, गोवा, मंगळूर येथील आडनावे आपल्या भागात येतात ती बहुधा अशीच, धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या नावांतून. ती वहीत सहीपुरती दिसतात, कोठे एखाद्या क्रुसाखालच्या शिळेवर दिसतात. त्यांस येथे वंश नसतो. ऊसतोडीस गेलेला आपला माणूस सहा महिन्यांनी आडनावासकट घरी परततो. आम्ही आलो ते येथेच राहतो, आणि आमचे आडनाव आमच्याबरोबर संपते.

मराठवाड्यातील कॅथलिकांची आडनावे मराठीच राहिली, ह्यास कारण आहे. येथे सुवार्ता आणली ती सरदारांनी नव्हे. फ्रान्सच्या आनेसी नगरात 1838 साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी नागपूरकडून निजामाच्या मुलखात आले. घोगरगावच्या फादर गुरियन जाकिये ह्यांसारखे पुरुष लोकांच्या भाषेत बोलले व लोकांतच राहिले. त्यांनी संतांची नावे दिली. साळवे, गायकवाड, शिंदे, भालेराव ही आडनावे जशीच्या तशी राहू दिली. शेजारच्या नगर जिल्ह्यात कार्य केलेले कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, ते अखेरपर्यंत टिळकच राहिले. बाबा पदमनजींनीही आपले नाव टाकले नाही. आडनावावरून श्रद्धा ओळखू पाहणारा माणूस दोन्हीकडे फसतो. धाराशिव येथे जानेवारी 2020 मध्ये त्र्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले. फादर दिब्रिटो अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा त्यांच्या नावामुळे काहींनी त्यांच्या मराठीपणाविषयी शंका काढली. तिकडे मुंबईत आमच्या तलवाड्याच्या तरुणास त्याच्या नावामुळे ख्रिस्तीपणाविषयी विचारले गेले. एकास त्याचे आडनाव मराठी नाही म्हणून, दुसऱ्यास मराठी आहे म्हणून! दोन्ही ठिकाणी विचारणाऱ्याने वही उघडून पाहिली नव्हती.

चर्चचा नियम तर अगदी साधा आहे. स्नानसंस्काराच्या आरंभी धर्मगुरू आईबापांस विचारतो, “ह्या बाळाचे नाव काय ठेविले आहे?” आडनाव तो विचारीत नाही. नाव ख्रिस्ती भावनेस विसंगत नसावे, एवढीच धर्मनियमांची अपेक्षा आहे, आणि तीही पहिल्या नावापुरती.

पुढल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो तरुण पत्नीसह आला. बाळ आजीच्या कडेवर होते. वर लिहिले ते सर्व मी त्यास माझ्या परीने सांगितले. मामांस चिडवण्याची गोष्टही सांगितली, तेव्हा तो प्रथमच हसला. थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, “मग फादर, तुमच्या आईच्या घरचे पहिले नाव गेले ते गेलेच का?” मी म्हणालो, “होय, गेले.” त्याने पत्नीकडे पाहिले. आजी मध्येच म्हणाली, “आमचं हाय, त्ये ऱ्हाऊ द्या.” मी वही उघडली व आजीने सांगितले तसे लिहिले.